पाती तीन, कारण खोकला

आमच्या जिन्यात खोकायची सोय नाही. म्हणजे सोसायटीने तसा ठराव वगैरे केलेला नाही; पण पहिल्या मजल्यावर कुणी नुसता घसा खाकरला, तरी चौथ्या मजल्यावरचं दार उघडतं आणि कठड्यावरून प्रश्न खाली येतो, "कोरडा की ओला?"

विचारणारे अण्णा. अंगात बाह्यांचा बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, कानावर पेन्सिल आणि हातात कात्री. ही कात्री मूळची काकूंच्या शिवणाच्या डब्यातली, आणि ती गच्चीत कशी गेली याची त्या घरात अजून चौकशी चालू आहे. 'ओला' म्हणालात तर अडुळसा. 'कोरडा' म्हणालात तर तुळस आणि ज्येष्ठमध. 'काही नाही हो, जरा ठसका लागला' म्हणालात, तर अण्णांचा चेहरा इतका पडतो की माणुसकी म्हणून आणखी एकदा खोकून द्यावंसं वाटतं.

हल्ली अशी एक वल्ली दर सोसायटीत असते. गच्चीत रंगाच्या रिकाम्या बादल्यांत चार झुडपं लावायची आणि जिन्यात जो सापडेल त्याला त्यांचा चहा पाजायचा. यातल्या बहुतेकांचा भर आग्रहावर. आपण 'नको' म्हणायचं, त्यांनी 'एकदा घेऊन तर बघा' म्हणायचं, मग आपण घ्यायचं, मग त्यांनी आपल्या तोंडाकडे बघत राहायचं. त्या बघण्याला घाबरून मी आजवर शेवग्याच्या पाल्याचा, पेरूच्या पानांचा आणि एकदा तर कांद्याच्या सालींचा चहा 'छान आहे' म्हणत प्यायलेलो आहे. अण्णा त्या जातीतले नव्हेत. अण्णा आग्रह करत नाहीत. अण्णा मागणीपत्र मागतात.

अण्णा 1978 साली पाटबंधारे खात्यात भांडार लिपिक म्हणून चिकटले. उजनीच्या धरणाचं काम तेव्हा शेवटाकडे आलं होतं. 2012 साली भांडारपाल म्हणून निवृत्त झाले. मधली चौतीस वर्षं त्यांनी घमेली, फावडी, पहारी, ताडपत्र्या, कंदील आणि गमबूट सांभाळले. यातली एकही वस्तू त्यांची नव्हती, आणि एकही त्यांनी सहीशिवाय बाहेर जाऊ दिली नाही. एकदा म्हणे भर पावसात, मध्यरात्री, मोठे साहेब स्वतः कंदील मागायला आले. अण्णांनी कंदील दिला. पण आधी त्याच कंदिलाच्या उजेडात साहेबांकडून मागणीपत्र लिहून घेतलं. ही गोष्ट सांगताना अण्णांना ती विनोदी वाटत नाही. "कागद भिजल्यामुळे सही जरा फरकटली," एवढीच त्यांची खंत आहे.

निवृत्तीनंतर पंचाईत झाली ती ही, की घरात सांभाळण्याजोगं काही नव्हतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. 'तूरडाळ. प्राप्त 2 किलो. शिल्लक...' ही शिल्लक रोज सकाळी भरायची होती. तिसऱ्या दिवशी काकूंनी चिठ्ठ्या आणि अण्णा, दोन्ही स्वयंपाकघराबाहेर काढले. बाहेर म्हणजे कुठे, तर वर. गच्ची मोकळीच होती.

आज त्या गच्चीत बेचाळीस कुंड्या आहेत. कुंड्या आपल्या म्हणायच्या. प्रत्यक्षात रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या, मासळीवाल्याकडचे थर्माकोलचे खोके, एक तडा गेलेलं बेसिन आणि काकूंचा एक निकामी कुकर. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक. क्रमांक 1 ते 4 तुळस. मंजिरी दिसली की अण्णा ती खुडतात, कारण झाड मंजिरीला लागलं की पानांकडे दुर्लक्ष करतं. ("बढती मिळाली की माणूस काम सोडतो, त्यातलाच प्रकार.") सूर्यास्तानंतर तुळस तोडायची नाही, रविवारी तोडायची नाही आणि द्वादशीला तर नाहीच नाही, हा काकूंचा नियम. अण्णांनी तो निमूट मान्य केला, कारण साप्ताहिक सुटी त्यांना परकी नाही. गच्चीच्या दारावर तशी पाटीच आहे : 'तुळस विभाग दर रविवारी व द्वादशीस बंद राहील.'

क्रमांक 7 आणि 8 गवती चहा. हा भांडाराचा कणा. नाव चहाचं, पण चहाच्या झुडपाशी याचं काही नातं नाही. हा गवतच, ज्वारी आणि उसाचा भाऊबंद. अण्णांना या नात्याचं फार अप्रूप. "माझी सगळी नोकरी उसाला पाणी पाजण्यात गेली," ते म्हणतात, "म्हातारपणी त्याच्याच पुतण्याने सांभाळलं." पातीच्या कडेवरून बोट उलटं फिरवलं तर रक्त काढते, म्हणून कात्री. बुंध्यापासून वीतभर ठेवून कापायचं, म्हणजे पुन्हा फुटतो. आणि दर दोन वर्षांनी गड्डा उपटून फोडायचा, नाहीतर मधली पाती बारीक होत जातात.

क्रमांक 12 अडुळसा. याला गुरं तोंड लावत नाहीत म्हणून खेड्यात कुंपणाला लावतात. आमच्या सोसायटीतही त्याला कुणी आपणहून तोंड लावत नाही. पण खोकल्याच्या गोळ्यांतलं ब्रोमहेक्झिन हे याच झाडातल्या द्रव्यावरून बेतलेलं आहे, हे अण्णांनी कुठेसं वाचलं आणि तेव्हापासून अडुळशाचा दर्जा वर्ग दोनचा झाला. क्रमांक 14 वर पाटी आहे 'ओवा (तोतया)'. जाड, लवदार पानांचं हे झाड घरोघरी ओवा म्हणूनच असतं, वासही ओव्याचाच. पण मसाल्याच्या डब्यातला ओवा हे वेगळ्याच झाडाचं बी. अण्णांना असली नावाची अफरातफर खपत नाही. पाटी वाचून एक आजी दुखावल्या होत्या, कारण तोतयाची फांदी त्यांनीच दिली होती.

क्रमांक 18 पारिजातक. त्याची पानं पॉलिश पेपरसारखी खरखरीत. ती पहिल्या मजल्यावरच्या तीन गुडघ्यांसाठी राखीव. तीन कसे, तर एका आजोबांचा एक बदललेला आहे. क्रमांक 23 गोकर्ण. तिची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी निळं होतं आणि लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं. रंग आंबटाला भुलतो, एवढंच. पण सुटीत सोसायटीतली सगळी पोरं ही जादू बघायला वर. चव विचाराल तर गरम पाण्याची. म्हणून नोंदवहीत त्या रकान्यात अण्णांनी प्रामाणिकपणे लिहिलंय, 'कारण : करमणूक.'

आणि क्रमांक 17 पुदिना. हा अण्णांचा नावडता कर्मचारी. कुंडीच्या कडेवरून खाली लोंबायचं, शेजारच्या कुंडीत टेकायचं, टेकल्या जागी मुळं सोडायची आणि आपण इथलेच असल्यासारखं वागायचं, असा त्याचा स्वभाव. उजनीच्या कालव्याकाठची अतिक्रमणं ज्याने पाहिली, त्याला हे सहन होणं शक्य नव्हतं. दर पंधरा दिवसांनी अण्णा त्याच्या धावत्या फांद्या छाटायचे आणि पेन्सिलीने नोंद करायचे : 'समज दिली.'

आता नोंदवही. हिरव्या कापडी पाठीची, लांबडी, खास आप्पा बळवंत चौकातून आणलेली. रकाने सहा : दिनांक, वस्तू, परिमाण, घेणाऱ्याची सही, कारण, शिल्लक. आपण गच्चीत गेलो की अण्णा नाव विचारत नाहीत. माणसांना ते मजल्याने हाक मारतात. "या, तिसरा मजला," हे मला. मग कानावरची पेन्सिल काढून, "काय देऊ?" गवती चहाची तीन पाती हवी असतील तर तीनच मिळतात. 'जास्तीची असू द्या, उद्या लागतील' म्हटलं, तर "उद्या उद्याचं मागणीपत्र." यात चिक्कूपणा मुळीच नाही. माणूस दिलदार आहे. एक पैसा घेत नाही, वर कधीकधी आल्याचा तुकडा स्वखर्चाने घालतो. फक्त चौतीस वर्षं दुसऱ्याचा माल दिल्यामुळे स्वतःचा कसा द्यायचा, ते त्याला शिकवलेलं नाही.

ही वही म्हणजे आमच्या इमारतीचं खरं गॅझेट. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाला झोप येत नाही, कुणाकडे सासू आली म्हणून डोकं दुखतंय, सगळं तारीखवार. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई खोकत वर आल्या. अण्णांनी अडुळशाची पानं मोजून पुढे केली. तिने ती परत केली : डॉक्टरांनी सध्या अडुळसा नको म्हणून सांगितलंय. अण्णांनी लिहिलं, 'पाने 4 परत जमा. कारण सांगितले नाही.' संध्याकाळी काकूंनी ते वाचलं, जरा थांबल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर कैरीच्या लोणच्याची बरणी पोचली. अण्णांना बातमी कळली ती थेट पाचव्या महिन्यात. "मग तेव्हाच कारण का नाही सांगितलं?" एवढाच त्यांचा आक्षेप होता.

माझ्या नावावर त्या वहीत गेल्या दीड वर्षात बऱ्याच नोंदी आहेत. एकदा शिल्लक मिळवता मिळवता मी त्या चाळल्या. खोकला दोन, अपचन एक. बाकी सगळ्या संध्याकाळी सहाच्या, आणि कारणाच्या रकान्यात अण्णांच्या रेखीव अक्षरात, 'काही नाही', 'काही नाही', 'काही नाही'. खाली माझ्या सह्या.

चहा करायचा, तर त्याचंही शास्त्र आहे. अण्णांनी शार्ङ्गधर संहितेची मराठी आवृत्ती वाचनालयातून आणली आणि त्यांना धक्का बसला. काढा, म्हणजे क्वाथ, करायचा तर सोळा पट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं असं तिथे दिलंय. अण्णांनी गणित मांडलं. सोळा कप आत, दोन कप बाहेर. "चौदा कपांची तूट! कुणाच्या नावावर टाकायची?" पुढचं पान उलटल्यावर मात्र त्यांचा जीव भांड्यात पडला. फांट नावाचा प्रकार आहे : वनस्पती कुटून तिच्यावर चौपट गरम पाणी ओतायचं, झाकायचं, मुरलं की गाळून घ्यायचं. जेवढं आत तेवढं बाहेर. आपला रोजचा चहाही खरा तर फांटच. टपरीवाल्याने उकळून उकळून त्याचा क्वाथ केला, ती गोष्ट वेगळी. तेव्हापासून अण्णांकडे फांट. सालं, मुळं, काड्या असतील तर नाइलाजाने उकळतात, कारण त्यांचा कस नुसत्या गरम पाण्यात उतरत नाही. पण तेव्हा ते गॅससमोर उभे राहून वाफेकडे असं बघतात, जणू रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने सिमेंटच्या गोण्या पळवल्यात.

त्यांचा फांट बघण्यासारखा असतो. पितळी पातेलं, कपाने मोजून पाणी. आलं खलबत्त्यात एकदाच ठेचायचं, लगदा करायचा नाही. गवती चहाची तीन पाती घ्यायची, विणल्यासारखी दुमडायची आणि त्यांचीच गाठ मारायची, म्हणजे गाळताना पसारा नाही. आलं पाण्याबरोबर उकळायचं. उकळी फुटली की गॅस बंद. मग गाठ, तुळशीची सात पानं आणि पुदिन्याचा एक शेंडा हाताने किंचित चुरगळून आत, आणि झाकण. तत्काळ. या झाकणावरून त्यांनी सोसायटीतल्या निम्म्या बायकांशी वाकडं घेतलंय. गवती चहाचा जो वास आपल्याला हवा असतो, तो वाफेबरोबर उडणाऱ्या तेलात असतो; उघड्या पातेल्यात चहा केला तर वास जिन्यात जातो आणि कपात गवत उरतं. पाच मिनिटांनी अण्णा झाकण उचलतात. ते आडवं न करता, तस्सं अलगद तिरकं धरतात, आतल्या बाजूला जमलेले थेंब एका कडेला गोळा होऊ देतात आणि झाकणाला टिचकी मारून ते थेंब कपात पाडतात. टक. टक. "हा खरा माल," ते म्हणतात. "लोक हा ओट्यावर सांडतात."

चव खरंच चांगली असते. हे मी भीतीपोटी लिहीत नाही.

काकू मात्र हे सगळं ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहून बघतात आणि स्वतःचा चहा घेतात. दूध, दोन चमचे साखर, पत्ती करकरून उकळलेली, कप भरून बशीत सांडलेला, आणि बशीतला आधी प्यायचा. "मी घेते तो चहा," त्या मला म्हणाल्या. "हे करतात ते कार्यालय." याच पुण्यात 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढं रामायण झालं! टिळक, रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. ज्यांनी ती मंडळी तिथे जमवली, त्या गोपाळराव जोशींनीच हजर असलेल्यांची नावं छापून आणली होती. मी हे अण्णांना सांगितलं ते चहाचा इतिहास म्हणून. अण्णांना त्यात चहा दिसलाच नाही. "यादी ठेवली, म्हणून प्रकरण उभं राहिलं," ते गोपाळरावांवर खूश होऊन म्हणाले. मग जरा विचार करून, "पण कोण किती प्यायलं, तो रकाना नव्हता. तिथे चुकलं."

2020 हा भांडाराचा सुवर्णकाळ. आयुष मंत्रालयाने घरगुती काढ्याचा सल्ला दिला : तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ, मनुका, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आयुष्यात पहिल्यांदाच अण्णांच्या छंदाला परिपत्रकाचा आधार मिळाला. ते त्यांनी छापून घेऊन गच्चीच्या दारावर चिकटवलं. जिन्यात खडूने वर्तुळं काढली, दर मजल्याला वेळ ठरवून दिली, आणि जी माणसं आठ वर्षं त्यांच्याकडे बघून जिना चुकवायची, ती मास्क लावून पाच पानांसाठी रांगेत उभी राहू लागली. काही जण घाबरून दिवसातून पाच-सहा वेळा काढा ढोसू लागले आणि छातीत जळजळ होतेय म्हणून पुन्हा वर आले. अण्णांनी परिपत्रकावर बोट ठेवलं : "एकदा किंवा दोनदा. यात पाचदा कुठे लिहिलंय?" सहाव्यांदा आलेल्याला त्यांनी पानांऐवजी गार दूध प्यायला सांगितलं आणि तशी नोंद केली.

पुढच्या वर्षी मुंबईतल्या काही यकृततज्ज्ञांनी गुळवेलीबद्दल शंका काढली. मंत्रालयाने गुळवेलीची बाजू घेतली आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच वेलीकडे बोट दाखवलं. अण्णांची गुळवेल खालच्या कडुनिंबावरून गच्चीपर्यंत चढलेली, म्हणजे जाणकारांच्या मते अव्वल. पण आपली वेल ती की तोतया, हे कोण सांगणार? त्याच संध्याकाळी अण्णांनी तिला लाल फीत बांधली आणि वहीत लिहिलं, 'चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबित.' चौकशी अजून पूर्ण झालेली नाही. निलंबन काळात निम्मा पगार मिळतो, या नियमाने तिला एक दिवसाआड पाणी मिळतं.

या मे महिन्यात अण्णा आणि काकू लेकीकडे बंगळूरला जायचे होते. बावीस दिवस. जायच्या आदल्या आठवड्यात अण्णा माझ्या दारात उभे राहिले. "तिसरा मजला, तुम्हाला प्रभार द्यायचा विचार आहे."

मला भरून आलं. प्रभार घ्यायचा म्हणजे काय, ते तोवर कळलं नव्हतं. दोन प्रतींत यादी. बेचाळीस कुंड्यांची प्रत्यक्ष पडताळणी. प्रत्येकीपुढे माझी आद्याक्षरं. कोणाला पाणी सातच्या आत, कोणाला उन्हातून सावलीत, निलंबितांना कधी. 'तोतया तब्येतीने दणकट आहे, काळजी नको. पुदिना : सावलीत ठेवणे, दोन वेळा पाणी, चुकवू नये.' मग अण्णा गवती चहाची पाती मोजायला बसले. एकशे चाळीसपर्यंत मी गप्प होतो. मग काकू वर आल्या आणि रिक्षा खाली थांबल्याचं त्यांनी तीनदा सांगितलं. अण्णांनी पाती सोडली आणि वहीत 'अंदाजे' असा शब्द लिहिला. तो त्यांनी बहुधा जन्मात पहिल्यांदाच लिहिला असावा, अक्षर हललंय.

पहिला आठवडा मी खात्याला शोभेलसा काढला. दुसऱ्या आठवड्यात मेहुणे आले. त्यांना आपल्या हातचा गवती चहा पाजावा, अशी मला हौस आली. कात्री काकूंनी परत डब्यात कुलूपबंद केली होती, म्हणून सुरीने सात पाती कापली. तुळस खुडली, ती द्वादशी होती, हे नंतर कॅलेंडरात दिसलं. मुरण्यावर विश्वास न ठेवता सगळं चांगलं वीस मिनिटं उकळलं, वर झाकण ठेवायचं राहिलं. जिन्यात असा घमघमाट सुटला, की पहिल्या मजल्यावरचे आजोबा 'अण्णा आले का?' विचारत वर आले. कपात जे उतरलं त्याची चव गोठ्याच्या छपरावरून पडणाऱ्या पहिल्या पागोळीसारखी होती. मेहुणे एक घोट प्यायले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "छान आहे." नोंद मी केली नाही.

मग एक लग्न निघालं, साताऱ्याला दोन दिवस. परत आलो तेव्हा पुदिन्याच्या कुंडीत तपकिरी काड्या होत्या.

अण्णा आले ते चपला न काढता थेट गच्चीत. मी मागे. क्रमांक 7 पाशी ते वाकले. "ही पाती कात्रीची नाहीत."

"सुरीने कापली."

"सात. नोंद?"

"राहिली."

"कारण?"

"पाहुणे आले होते."

"पाहुणे हे कारण होत नाही. पाहुण्यांना काय होत होतं?"

"काही नाही."

"मग 'काही नाही' लिहा. तुमचं नेहमीचंच आहे." आणि पेन्सिल पुढे केली.

पुदिन्याचं मात्र रीतसर निर्लेखन झालं. वेगळा कागद, लाल शाई. 'क्र. 17, पुदिना, नग 1 कुंडी. मृत. कारण : उष्णता व प्रभारी.' खाली त्यांची सही, माझी सही, साक्षीदार म्हणून काकूंची. काकूंनी सही करताना माझ्याकडे बघून डोळे फिरवले. कुंडी पालथी घालून कोपऱ्यात ठेवली गेली आणि वहीतल्या सतरा क्रमांकावर पट्टीने रेघ पडली.

पाऊस लागला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी अण्णांनी मला खुणेनेच वर बोलावलं. क्रमांक 18, पारिजातक. त्याच्या बुंध्याशी, खरखरीत पानांच्या आडोशाला, हिरवीगार, दातेरी कडांची कोवळी पानं. मी चुरगळून वास घेतला. पुदिना. मे महिन्यात, मरायच्या आधी, कधीतरी तो शेजारच्या बादलीत टेकला होता, आणि प्रभारीचं लक्ष नसल्यामुळे कुणी त्याला समज दिली नव्हती.

मला आनंद झाला. अण्णा गंभीर होते. "निर्लेखित माल जिवंत झाल्यास काय करावं, याचं परिपत्रक नाही," ते हळू आवाजात म्हणाले. सतरा क्रमांक उघडता येत नव्हता, तो बंद झालेला. नवीन आवक दाखवावी, तर 'कुणाकडून प्राप्त' इथे काय लिहायचं? अठराच्या नावावर टाकावा, तर पारिजातकाला पुदिना फुटल्याची नोंद होते. दोन दिवस माणूस जेवणावरून अर्ध्यात उठत होता. "चटणी करा आणि मोकळे व्हा," असं काकूंनी सुचवलं. पण चटणीला तरी वाटपाची नोंद लागतेच.

तिसऱ्या दिवशी सहाला मी वर गेलो तेव्हा घरचं दार लावलेलं होतं. एरवी ते उघडं असतं. मी वाजवलं, अण्णांनी फट करून आधी माझ्यामागे जिन्यात बघितलं, मग मला आत घेतलं. ओट्यावर पातेलं तयार होतं. कात्री नव्हती, शेंडे नखाने खुडलेले दिसत होते. नुसता पुदिना, आल्याचा तुकडा, बाकी काही नाही. मी सवयीने फडताळावरच्या वहीकडे हात केला.

"राहू द्या," अण्णा म्हणाले.

"सही?"

"हा माल कागदावर नाही."

काकू बशीतला चहा हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या, त्या आत येऊन बसल्या. अण्णांनी झाकण तिरकं धरलं, थेंब कडेला येऊ दिले आणि माझ्या कपावर टिचकी मारली. टक. मग काकूंच्या कपावर. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दुधाचा चहा बाजूला सारला.

खाली पहिल्या मजल्यावर कुणीतरी खोकलं. चांगलं दणदणीत, दोनदा. अण्णा उठले नाहीत.